काजळ्याचा कान

फार पूर्वी एका कुंभाराकडे काजळ्या नावाचा कुत्रा होता. त्याच्या अंगाला इतका वास येऊ लागला, की कुंभारणीने त्याला ओसरीवरून हाकललं. बिचारा रोज नदीत डुंबून येई, तरी वास वाढतच चालला.

गोठ्यातली शेळी भारी चौकस. "वास येतो तरी कुठून, बघू दे," म्हणत तिने त्याची पाठ हुंगली, पाय हुंगले. "इथे काहीच नाही रे! कान उचल पाहू."

लोंबत्या कानाखाली ओल साचून कान चिघळला होता. "रोज डुंबतोस, मग हा सुकणार कधी?"

काजळ्या कुंभारणीपुढे मान वाकडी करून उभा राहिला. तिने कान उलटून पाहिला.

"अगंबाई! दुखत होतं होय रे तुला?"