खिंडीतला गवा आणि ऐनावरची खार

“चोरटी आहेस तू! माझ्या दारातून माझी गिऱ्हाइकं पळवतेस!” गवा खूर आपटत ओरडला.

“पळवायला ती काय बोरं आहेत? आपल्या पायांनी येतात,” खार शेपटी झटकत म्हणाली.

भांडण का जुंपलं ते ऐका, पोरांनो. एका जंगलात शिरायला एकच खिंड होती, आणि खिंडीच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या गव्याचं ठाणं. त्या रानात पाणी कधी इथं तर कधी तिथं, त्यामुळे नवख्याला वाटाड्या लागेच. आत पाऊल टाकलं की समोर गवा उभा. मग दुसरा शोधतो कोण? तोच वाटाड्या ठरला. पुढे कुठूनशी ही मूठभर खार आली, ऐनाच्या झाडावर राहून वाटा दाखवू लागली आणि गव्यामागची रांग आटत गेली. नवखी जनावरं अजूनही खिंडीत थांबत, दोन शब्द विचारत. गवा फुरफुरत शिंगानं ऐनाच्या झाडाकडे दाखवी आणि ती चालू लागत. वाटाड्याचा मान गेला, तर खिंडीतल्या धोंड्यात आणि आपल्यात फरक तो काय, या विचारानं त्याला चारा गोड लागेना.

भांडण ऐकत उभ्या असलेल्या साळिंदराला त्यानं दरडावून विचारलं, “खरं सांग, माझ्यात उणं काय?”

“रागावू नका दादा. उन्हाळ्यात तुम्ही मला ज्या डोहावर नेलंत, तिथं चिखलसुद्धा नव्हता. त्यातून वाटेत दर झाडाखाली उभं करून आजोबांची कीर्ती ऐकवलीत. माझ्या घशाला कोरड, अन् तुमचं पुराण काही संपेना!”

“ती वाट आमच्या आजोबांनी पाडलेली आहे!”

“वाट आजोबांची हो, पाणी थोडंच त्यांचं होतं?” असं म्हणून साळिंदर काटे सावरत सटकलं.

गवा खारीकडे वळला. राग होताच, पण आता कुतूहलही जागं झालं होतं. “तुला बरं पाणी अचूक सापडतं! कसली जादू करतेस?”

“जादू कसली डोंबलाची? सकाळी एकटी हिंडून येते. कुठं झाड आडवं पडलं, कुठं झरा फुटला, ते बघते. ज्याला सोडलं त्याला विचारते, काही अडलं का रे बाबा? जिथं अडलं, तिथून उद्या कुणाला नेत नाही.”

गव्यानं कान टवकारले. इतकं सोपं? आपण ही खिंड सोडून शेवटचे हिंडलो कधी, हे त्याला आठवेना. पण मोठेपणा फार वाईट. तो कबूल करू देईना.

“असेल!” त्यानं मान ताठ केली. “पण आजही नवं जनावर आलं की आधी कुणाकडे येतं? कालचं तरस, सकाळची ती सांबरीण, सगळी आधी माझ्याच दारात!”

“येतात ना दादा,” खार म्हणाली, “पण ऐनावरची खार कुठं भेटेल, एवढंच विचारायला!”

तात्पर्य, पोरांनो, एवढंच : मोक्याची जागा आयती मिळते, विश्वास मात्र रोज नव्यानं कमवावा लागतो, मग तो खिंडीतला गवा असो, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून येऊन बसलेला, पण दुसरा ब्राउझर उतरवून घेण्यापुरताच उघडला जाणारा ब्राउझर.