तीनदा खरं ठरलेलं भाकीत

विमानांची नाडी यंत्रं पाहू लागली, त्या काळातली गोष्ट. विमानं दुरुस्त करायच्या एका हँगरमध्ये एक हुशार यंत्र होतं. तारांतून वाहणाऱ्या विजेवरून कुठली तार कधी दगा देणार, ते आधीच सांगायचं.

"डाव्या पंखातली तार महिन्याभरात जाणार," यंत्र म्हणालं. पाडळकर मेकॅनिकांनी ती बदलली. चार महिन्यांनी यंत्र पुन्हा तेच म्हणालं, त्यांनी पुन्हा बदलली. आता ही तिसरी खेप.

पाडळकरांच्या हातातली जुनी टॉर्च मात्र पार वैतागली होती. दर वेळी आत डोकवायची तीच. तार धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीचं रबर झिजलं होतं आणि तिची उघडी कड तारेला सोलून काढत होती.

"अरे बाबा," टॉर्च यंत्रावर खेकसली, "तारेचा काय दोष? ती पट्टी बदलायला सांग! एक दिवस हवेत ठिणगी पडेल, मग बसा बोंबलत!"

"पट्टीतून वीज वाहत नाही, म्हणून तिचं मला काही कळत नाही," यंत्र शांतपणे म्हणालं. "आणि माझं एक तरी भाकीत चुकलंय का?"

"नाही ना चुकत, तेच तर दुखणं आहे!"

पाडळकरांना यातलं काही ऐकू आलं नाही. "यंत्र काही चुकत नाही बुवा," असं कौतुकानं म्हणत त्यांनी चौथी तार आत सरकवली आणि टॉर्च विझवली.

अंधारात पट्टी पहिल्यांदाच बोलली. "ये गं बाई, बस. तुझ्याआधीच्या तिघीही इथंच बसायच्या."