काठावरची दारं

त्या मुलखात पाट एकच होता आणि त्याचं पाणी गरजेपेक्षा जोरानं वाहायचं. जोर वरून दिसत नसे. वर पाणी तुळतुळीत, आणि आतून बांध खरवडत चाललेलं. हे फक्त धोंडाई खेकडीला कळायचं, कारण तिचं बीळ बांधाच्या पोटात होतं आणि त्याची भिंत रोज थोडी थोडी पातळ होत होती. बिळात पिल्लं होती, कवचं अजून सायीसारखी मऊ. त्यांना घेऊन जाणार कुठं?

टेकडीवरचे सुतारपक्षी जोर अडवायची दारं करायचे. आधी डबक्यात, मग ओहोळात पारखायचे. एकेका दारापायी चोची झिजायच्या, म्हातारे मरून जायचे. यंदाचं दार बसवलं आणि पाणी खरंच नरमलं. धोंडाईच्या भिंतीची माती पडायची थांबली. किती दिवसांनी ती पाय पसरून झोपली.

आठवडा झाला नाही तोच पाटकरी बेडूक दार उचकटायला लागला.

"काय करताय, पाटकरी?"

"काढतोय. करकरतं मेलं. खाल्लेलं अंगी लागत नाही."

"आणि जोर?"

"कुठाय जोर? पाणी गाईसारखं गरीब झालंय."

"दार आहे म्हणून गरीब आहे. भिंत माझ्या पाठीला लागते, तुमच्या नाही."

"धोंडाई, तू बिळातली बाई. पाट मी बघतो. मागचीपण मीच काढली. बुडालो का?"

त्यानं दार काठावर टाकलं. तिथं आधीची सहा पडली होती. त्यावर त्याची मंडळी ऊन खात.

पाणी तसंच तुळतुळीत दिसत राहिलं. धोंडाई चिखल आणून भिंत लिंपत राहिली. चौथ्या दिवशी, उन्हं चांगली वर आलेली असताना, बांध तिच्या बाजूनं फुटला. बीळ गेलं, पिल्लं गेली. ती एका मुळाला लटकून राहिली. लोंढ्यानं पाटकऱ्यालाही दगडावर आपटलं. त्याची उजवी बाजू लुळी पडली.

म्होरक्या सुतारपक्षी पाहणीला आला. "दार होतं ना?"

"होतं," पाटकरी वाकड्या तोंडानं म्हणाला.

"म्हणजे हेही कुचकामी. आता वेगळंच दार घडवायला हवं."

धोंडाईनं नांगी काठाकडे केली. ती उन्हाकडे बोट दाखवतेय असं त्याला वाटलं. तो काठावरच्या फळ्यांच्या ढिगावर, ऊन कललेली बाजू बघून बसला. सात दारं, सगळी कोरडी, एकाच्याही कडेला शेवाळ नाही. सगळ्यात वरच्या दारावर त्यानं कोळशानं नव्या दाराचं माप आखायला घेतलं.