कालव आणि कवटी

"पण तिने माफी का मागू नये, बाबा?"

प्राध्यापक दाबके खडकावरच उभे होते. बुटांत पाणी शिरलं होतं, त्याचंही भान नव्हतं. काखेत प्लॅस्टरची कवटी होती. साता समुद्रापलीकडच्या एका समुद्री अस्वलाची ही प्रतिकृती. अस्वल दोन कोटी वर्षांपूर्वीच मेलेलं, पण दाबक्यांचा राग कालचाच, गरमागरम.

कंबरबाबा फकीर ओहोटीच्या खडकावर कालवं काढत बसले होते.

"काय म्हणाली सुंदरा?"

"काल शाळेतल्या माझ्या व्याख्यानात, भरसभेत हसली! मी सांगतोय, हे अस्वल मासे धरून खायचं. वीस वर्षं घातलीत मी यात. परवा पुस्तक छापायला जातंय. आणि ही कालवं विकणारी खारवीण उठून म्हणते, 'अहो मास्तर, कसले मासे? दात बघा की, झिजून सपाट झालेत. हा आमच्यातलाच, कालवं काढणारा!' अख्खी शाळा खिदळली. तुमचा शब्द ती मोडत नाही, बाबा. तिला सांगा."

"सांगतो की." बाबांनी हातातली लोखंडी सळई पुढे केली. "आधी एक कालव काढा."

दाबक्यांनी कवटी खाली ठेवली आणि रागारागाने घाव घातला. एक, दोन, तीन... शिंपल्याचा चुरा, आतल्या मांसात कच आणि अंगठ्यातून रक्त.

"हे काय शास्त्र आहे?"

"नाही. पोटाचं काम आहे."

बाबांनी सळईचं टोक शिंपल्याच्या खालच्या कडेला रुतवलं, खडकाला टेकवलं आणि मनगट नुसतं वर उचललं.

तट्! कालव अख्खं उघडलं.

दाबके बघत राहिले. खाली टेकू, वर उचल...

त्यांची नजर कवटीच्या मागच्या बाजूला गेली. तिथे मानेचे दांडगे स्नायू धरणारा जाड उंचवटा होता. एवढी ताकद मासे धरायला कशाला, हे वीस वर्षांत उमगलं नव्हतं. खालचा जबडा टेकवून मान वर उचलायला मात्र हीच ताकद हवी. पुस्तकात त्यांनी तो उंचवटा एका तळटीपेत गाडून टाकला होता.

त्यांनी कवटीच्या सपाट दाढांवरून बोट फिरवलं.

"तरीपण," दाबके पुटपुटले, "ती हसली, बाबा. सगळ्यांसमोर हसली!"

बाबांनी उघडलेलं कालव अलगद उचललं आणि कवटीच्या जबड्यात, त्या सपाट दाढांवर ठेवलं. जबडा तसाच वासलेला राहिला.

"आता हेही हसतंय, मास्तर. याच्याकडूनही माफी मागवू?"