पाच नावांचा खडक

तळसुऱ्याच्या बंदरावर उतरले की उजव्या हाताला, अगदी टोकाशी, एक काळा सपाट खडक लागतो. त्यावर एका ओळीत पाच खळगे आहेत, ओंजळभर पाणी मावेल एवढे. भरती ओसरली की बायका त्यांतले पाणी उपसतात आणि प्रत्येकात एकेक शिंपला ठेवतात. पाहुणे विचारतात, हे कुठल्या देवाचे स्थान? मग शहात्तर वर्षांचे जयराम कुबल हातातले जाळे बाजूला ठेवून सांगतात, की हे देवाचे नव्हे, अलेक्सांद्रचे.

म्हाताऱ्याने आपली चेष्टा केली असे पाहुण्यांना वाटते. पण बंदरातल्या होड्यांवरची नावे वाचली की तसे वाटेनासे होते. महालक्ष्मीप्रसादच्या शेजारी शुराप्रसाद उभी असते आणि तिला लागून साशाकृपा. जयरामबाबा सांगतात ती हकीकत अशी.

त्यांच्या पणजोबांच्याही आधी तळसुऱ्यात भिवा तारी नावाचा तांडेल होऊन गेला. गावच्या सगळ्या होड्या त्याच्या शब्दावर निघत आणि त्याच्या शब्दावर परतत. त्या काळी गावात एक नियम होता. समुद्रात माणूस हरवला तर त्याच्या नावाने तीन फेरे करायचे. वल्हवत भर समुद्रातल्या कासवीच्या खडपापर्यंत, त्या बुडत्या खडकांपर्यंत, जायचे आणि शोधत परत यायचे, हा एक फेरा. तिसऱ्या फेऱ्यालाही नाही सापडला तर पाण्यात नारळ सोडायचा आणि होड्या वर ओढून घ्यायच्या. ऐकायला निष्ठुर वाटते, पण नियम करणारे काही दगडाचे नव्हते. कधी काळी एकाला शोधता शोधता सात जण गेले होते म्हणे. तेव्हापासून एका नावाला तीन फेरे, चौथा नाही.

या हकीकतीच्या आदल्या वर्षी भिवाचा एकुलता एक मुलगा, धाकू, हरवला. भिवा तीन फेरे करून परतला तेव्हा त्याची बायको आवडी याच खडकावर उभी राहून हाका मारत होती. धाकू, धाकल्या, धाकोबा, सोन्या. जे सुचेल ते नाव ती समुद्राकडे फेकत होती. भिवाने नारळ सोडला. दुसऱ्यांच्या मुलांसाठी पाळलेला नियम आपल्या मुलासाठी कोणत्या तोंडाने मोडायचा? तांडेल असावा तर असा, असे गाव म्हणाले. आवडी वेळेवर वाढायची, जाळी सांधायला बसायची, पण नवऱ्याच्या तोंडाकडे तिने पुन्हा पाहिले नाही. चौथा फेरा केला असता तर? भिवाने हे कोणाजवळ बोलून दाखवले नाही. वल्हे हातात घेतले की मात्र तो प्रश्न त्याच्या समोर येऊन बसे.

अशात कार्तिकात मोठे वादळ झाले. ते शमले त्या सकाळी कासवीवर एक परमुलखातले गलबत फुटलेले दिसले. त्याचे खलाशी आपल्या पडावातून, लहान होडीतून, आधीच दक्षिणेच्या बंदराला लागले होते, असे मागाहून कळले. इकडे फळीला धरून एकच माणूस वाहत आला. उंचापुरा, पिवळ्या दाढीचा, सोललेल्या हातांचा. त्याला धड उभे राहता येत नव्हते. लोकांनी दिलेली पेज त्याने बाजूला सारली आणि तो या खडकावर चढून समुद्राकडे तोंड करून ओरडू लागला.

"कितके जण आसत?" भिवाने बोटे दाखवून विचारले.

त्याला काय कळणार? तो आपला ओरडतच राहिला. "अलेक्सांद्र!"

आवडी बायकांमध्ये उभी होती. ती पुढे झाली आणि तिने एक शिंपला खडकावर ठेवला. हरवलेल्या माणसामागे एक शिंपला ठेवायचा, ही तिथली रीतच होती.

"साशा!" तो ओरडला. तिने दुसरा ठेवला. मग त्याने शुरा म्हटले, सान्या म्हटले आणि शेवटी अगदी हळू, रडवेल्या आवाजात, साशेन्का. मग पुन्हा पहिल्यापासून. नवे नाव काही निघाले नाही. खडकावर पाच शिंपले झाले.

"पाच जण," भिवा म्हणाला. "पंधरा फेरे."

गडी एकमेकांकडे बघू लागले. वादळाची घुसळण अजून पाण्यात होती. "पंधरा झेपतले, तांडेला?" एकाने विचारले.

"नावां पाच आसत," भिवा म्हणाला. "नियम तो नियम. होडी ढकला."

पहिले तीन फेरे रिकामे गेले. भिवाने अलेक्सांद्रच्या नावाने नारळ सोडला आणि आवडीने पहिला शिंपला पालथा घातला. तो परका मात्र अलेक्सांद्रला हाक मारायचा थांबेना. बिचाऱ्याला नारळाचा अर्थ कुठून कळावा, असे भिवाला वाटले. पुढचे तीनही तसेच गेले. साशाचा नारळ सोडला, दुसरा शिंपला पालथा झाला. दुपार कलली. दोन गडी वल्ह्यावरच गळाठले, त्यांच्या जागी दुसरे आले. भिवाने आपली जागा सोडली नाही. एवढ्यात पाणी फिरले आणि भरती लागली.

सातव्या फेऱ्याला काही नव्हते. आठव्याला, शुराच्या वाट्याच्या दुसऱ्या फेऱ्याला, कासवीच्या अलीकडे एक डोलकाठीचा तुकडा पाण्यावर हलताना दिसला. त्याला एका तरुण पोराने आपल्याच कमरपट्ट्याने स्वतःला बांधून घेतले होते. ओठ निळे पडलेले, डोळे मिटलेले. भिवाने त्याच्या छातीला कान लावला. आत धडधड चालू होती.

सकाळच्या ओहोटीने त्याला लांब बाहेर नेले होते आणि आता भरती त्याला परत आणत होती. भिवाच्या ते तिथेच ध्यानात आले. तीन फेरे म्हणजे जेमतेम अर्धी ओहोटी. एवढ्या वर्षांत पाणी फिरायची वाट कोणी पाहिलीच नव्हती.

होडी वाळूला लागली तेव्हा तो परका कमरेइतक्या पाण्यात धावत आला. त्याने पोराचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि हाक मारली, "शुरा!" पोराने डोळे उघडून ओ दिली. भिवाला बरे वाटले, चला, एक तरी सापडला. तो होडी पुन्हा ढकलू लागला, कारण सान्या आणि साशेन्काचे शिंपले अजून उताणे होते. इतक्यात मागून आवाज आला, "सान्या!" आणि पोराने पुन्हा ओ दिली. मग "साशा", मग "साशेन्का". ज्याच्या नावाने सकाळीच नारळ सोडला होता त्या अलेक्सांद्रलाही हाच पोर ओ देत होता.

पाचही तोच होता. समुद्रात दुसरे कोणी नव्हते. भिवा मटकन ओल्या वाळूत बसला आणि हसू लागला, आणि हसता हसता वर्षभर अडलेले त्याचे रडू बाहेर आले. गडीही हसले. आठ फेऱ्यांचा शीण असा उतरला, की कोणी होडी वर ओढायलाही उठेना.

भिवाने डोळे पुसून पाहिले, तर आवडी शिंपले उचलत होती. तिला नवल वाटल्याचे काही दिसेना.

"तुका ठाऊक होता?" त्याने विचारले.

"होय."

"मगे गप कित्याक रवलंस?"

"सांगलंय असता तर तुमी तिसऱ्या फेऱ्याक नारळ सोडलो असतो," आवडी म्हणाली. "एकाच पोराक इतक्या नावांनी कोण हाक मारता, ता माका कळाचा नाय? धाकूक मी कितक्या नावांनी बोलवी, ता कोणी मोजला?"

वर्षानंतर ती पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहून बोलत होती. भिवा उठला, घरून छिन्नी घेऊन आला आणि तिने जिथे शिंपले मांडले होते तिथे पाच खळगे खोदायला बसला. खोदता खोदताच त्याने गावाला सांगितले, की यापुढे तळसुऱ्यात माणसाला एक नाव नसायचे. बारशाला पाच ठेवायची, आणि हरवला तर प्रत्येक नावाचे तीन तीन फेरे. पाणी दोनदा फिरेपर्यंत नारळाला कोणी हात लावायचा नाही. आवडीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती तिथेच बसून राहिली, असे सांगतात.

ते बापलेक महिनाभर तारींच्याच घरी राहिले. बापाचे नाव मिखाईल आणि लाडाचे मिशा. एवढी दाढी असून नाव मिशाच कसे, यावर बायका पुष्कळ दिवस हसल्या. त्या दोघांनी आपल्या मुलखातली नावे गावाला शिकवली. इव्हानचा वान्या, दिमित्रीचा मित्या, येकातेरिनाची कात्या. साशाचा शुरा कसा होतो हे मात्र कोणाला कळले नाही. पुढे कधीतरी तालुक्याच्या एका मास्तरांनी उलगडून सांगितले, की साशाचे लाडाने साशुरा होते आणि त्याचे पहिले अक्षर गळून शुरा उरतो. हे ऐकून गावाला काडीचे नवल वाटले नाही. माया असली की नाव वाढते आणि अक्षरे गळतात, यात मास्तरांनी नवे ते काय सांगितले? तळसुऱ्यातल्या प्रत्येकाच्या पाचांतले एक नाव अजून तिकडचे असते. मारियाची माशा तेवढी कोणी ठेवली नाही.

आजही नारळी पौर्णिमेनंतर होड्या पहिल्यांदा पाण्यात जातात त्या सकाळी घरोघरच्या बायका या खडकावर येतात. आधी अलेक्सांद्रची पाच नावे घेतात, मग धाकूची, मग आपापल्या माणसांची. होडीतल्याने प्रत्येक नावाला ओ द्यायची, रागातल्या नावालासुद्धा.

एखादा चौकस पाहुणा विचारतोच, की बाबा, पंधरा फेरे कधी खरेच करावे लागले का? तेव्हा जयराम कुबल जाळे पुन्हा मांडीवर ओढून घेतात. आपली नावे जयराम, जयरो, जयऱ्या, मित्या आणि आईने ठेवलेले जयुलो अशी आहेत, असे ते सांगतात. बाविसाव्या वर्षी होडी उलटली तेव्हा पहिल्या चार नावांचे बारा फेरे रिकामे गेले होते. ते सापडले जयुलोच्या पहिल्या फेऱ्याला. एवढे सांगून ते खाली बघून जाळ्याची गाठ मारू लागतात, आणि घराकडून कोणी जेवायला हाक मारली, कुठल्याही नावाने, तर पहिल्याच हाकेला ओ देतात.