कारभाऱ्याचं लख्ख अंगण

उतारावर वसलेल्या एका नगरात एक कारभारी राहत होता. माणूस मोठा टापटिपीचा. नगरातल्या गल्ल्यांत काडी दिसायची नाही, ती त्यानं घालून दिलेल्या रीतीमुळं. आभाळ भरून आलं की घरोघरी झाडू बाहेर निघायचे. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, घाण्यापुढचा तेलकट गाळ, सगळं दारापुढच्या गटारात लोटायचं. मग पाऊस यायचा आणि नगर धुऊन जायचा.

नगराच्या पायथ्याशी एक तळं होतं. सगळे त्याचंच पाणी प्यायचे. हल्ली मात्र प्रत्येक पावसानंतर तळं काळं पडू लागलं, मासे मरून वर येऊ लागले. कारभाऱ्याची लाडकी नात तेच पाणी पिऊन आजारी पडली.

वैद्यानं नाडी पाहिली. म्हणाला, "औषध देतो. पण पाणी असंच राहिलं, तर पोर हाती लागणार नाही."

कारभाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. पण उलगडा काही होईना. नगर एवढं स्वच्छ, मग तळ्यात घाण येते कुठून?

आधी त्याला रंगारी आठवला. "तुझेच रंग असणार," म्हणत त्यानं रंगाऱ्याची भट्टी विझवली. पाऊस आला, तळं पुन्हा काळं. मग संशय तेल्यावर गेला. घाणा थांबला, तळं काळं ते काळंच.

"आता आम्ही खायचं काय, कारभारी?" तेल्यानं विचारलं.

एक गवंडी म्हणाला, "तळ्याला चिरेबंदी भिंत घालू, पाणी गाळायला मोठाले हौद बांधू." खर्च ऐकून कारभाऱ्याला घाम फुटला. सारं नगर विकलं असतं तरी तेवढा पैसा उभा राहिला नसता. बिचाऱ्याची मती गुंग झाली. जेवताना घास हातातच राहायचा.

शेवटी भर पावसात घोंगडी पांघरून तो तळ्याकाठी जाऊन उभा राहिला. काळं पाणी गटारातूनच येत होतं. चोर सापडलाच, असं म्हणून तो गटाराच्या कडेनं वर चढू लागला. पण जसजसा वर जाई, तसतसं पाणी निवळत जाई. हा काय प्रकार? तो दारोदार विचारू लागला, "तुम्ही गटारात काय लोटलंत?"

"चिमूटभर राख," एक म्हणाली.

"थोडंसं शेण," दुसरा म्हणाला.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. तळं नासावं एवढी घाण एकाच्याही दारात नव्हती. कारभारी पार चक्रावून गेला. आणि गल्ली तर संपत आली.

शेवटचं, सगळ्यांत वरचं घर त्याचं स्वतःचं होतं. बायको ओसरीवरचा केर गटारात लोटत होती.

"अगं, हे जातं कुठं?"

"वाहून जातं."

"वाहून कुठं जातं?"

तिचा झाडू थांबला. "अहो, रीत तुमची. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

आत नात कण्हत होती. आपल्याच दारची राख आपणच त्या पोरीला पाजत होतो, हे कारभाऱ्याला आता कळलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

सकाळी त्यानं कुदळ उचलली. गुळगुळीत फरशीचं ते अंगण म्हणजे त्याचा जीव की प्राण. बायको म्हणाली, "लोक हसतील."

"हसू देत," म्हणून त्यानं फरशी उखडली. खड्डा खणून त्यात दगडगोटे आणि वाळू भरली, छपराचं पाणी तिकडे वळवलं, कडेनं गवत आणि केळी लावल्या. केर उकिरड्यात जाऊ लागला. लोक खरंच हसले. कारभाऱ्याच्या दारात चिखल, आणखी काय हवं?

मग तो रंगारी आणि तेल्याकडे गेला. "माझं चुकलं," म्हणाला. "धंदा सुरू करा. फक्त दारचं दारातच जिरवा. कसं ते मी दाखवतो." असं करत तो घरोघर फिरला. खर्च म्हणाल तर कुदळीचा आणि घामाचा.

पुढच्या मोठ्या पावसात गटारं बारीक धारेनं वाहिली. तळं गढूळ झालं, पण काळं पडलं नाही. हळूहळू ते निवळलं, मासे दिसू लागले. नात उठून बसली आणि तिनं पाणी मागितलं.

कारभाऱ्यानं तांब्या भरला, उजेडात धरून आतलं पाणी कितीतरी वेळ पाहिलं. मगच तिला दिला.

तात्पर्य एवढंच: दारातून लोटलेलं नाहीसं होत नाही, ते खाली कुणाच्या तरी ओंजळीत जातं, म्हणून ज्याचं त्यानं आपल्या दारीच जिरवावं.