आभाराचं पत्र

“…मग बाबा, तिनं सही का केली नसेल?”

शम्सबाबा आपल्या तकियातल्या, म्हणजे फकिरी मठातल्या, कडुनिंबाखाली गोधडीला टाके घालत होते. समोर यशोधन बसला होता. त्यांचा जुना शिष्य. आता दूरदेशी, श्रीमंत देशांच्या, कर्जं देणाऱ्या कचेरीत मोठा अधिकारी. एका गरीब बेटाचं कर्ज माफ व्हावं म्हणून तो नऊ वर्षं झगडला होता. गेल्या आठवड्यात ते माफ झालं होतं.

“कोण ती?”

“तिथल्या प्रसूतिगृहातली म्हातारी परिचारिका. लोकांच्या वतीनं आभाराच्या पत्रावर तिची सही हवी होती.”

“पत्र लिहिलं कुणी?”

“…मीच. म्हटलं, त्यांना कशाला त्रास.”

“म्हणजे आभारही तूच मानून टाकलेस. बरंच काम वाचवलंस त्यांचं.”

यशोधन वरमला.

“काही बोलली?”

“कर्ज कधीपासून माफ, एवढंच विचारलं. मी म्हटलं, आजपासून.”

“मग?”

“म्हणाली, माझी लेक नऊ वर्षांपूर्वी गेली. मोठ्या गावाला नेताना, होडीतच अडली. प्रसूतिगृहाला कुलूप होतं.”

सुई थांबली.

“कुलूप कुणी घातलं?”

“हप्ते भरायचे तर खर्च कमी करा, अशी आमची अट होती…”

“अट लिहिली कुणी?”

एक पिकली लिंबोळी दोघांच्या मधे पडली.

“मीच,” यशोधन म्हणाला. “म्हणून तर इतकी वर्षं भांडलो, बाबा. झोप नाही मला. आता तरी फिटलं ना? तुम्ही एकदा म्हणा.”

त्यानं ते बिनसहीचं पत्र पुढे केलं.

बाबांनी हात हलवला नाही. नुसते त्याच्या हाताकडे बघत राहिले.

मग यशोधनला आठवलं. या तकियात भाकरीचा तुकडा दिला तरी रीत एकच: देणाऱ्यानं तळहात उघडा करून खाली धरायचा. घेणाऱ्याचा हात वर. म्हणजे देणाराच मागणारा दिसतो.

त्यानं तळहात पसरला, पत्र त्यावर ठेवलं.

बाबांनी पत्र अलगद उचललं आणि गोधडीखाली सारलं.

यशोधन रिकामा हात मागे घेऊ लागला.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “हात असाच उघडा घेऊन जा तिच्याकडे.”